पाळीव पक्ष्यांपासून होणारा सिटॅकोसिस: पिंजऱ्याची, घराची आणि स्वतःची काळजी कशी घ्यावी

पुण्यात पावसाळ्याच्या दिवसांत कोणाला थंडी वाजून ताप आला, डोके असह्य दुखू लागले आणि अंग मोडून आले, की घरच्यांच्या आणि डॉक्टरांच्याही मनात पहिले नाव डेंग्यूचे येते. त्यामागोमाग चिकुनगुन्या, टायफॉइड आणि फ्लू. ही शंका रास्तच असते. परंतु त्या तपासण्यांतून काही निघाले नाही, ताप हटेना आणि चार-सहा दिवसांनी कोरडा खोकलाही सुरू झाला, तर गॅलरीत टांगलेल्या पिंजऱ्याची आठवण कोणीतरी करून द्यावी लागते. डॉक्टर ‘बाहेरगावी गेला होतात का’ हे विचारतात, ‘घरात पक्षी आहे का’ हे क्वचितच विचारतात, आणि आपल्यालाही ते सांगण्याजोगे वाटत नाही. सिटॅकोसिस नेमका याच फटीतून निसटतो.

हा रोग क्लॅमिडिया सिटासी नावाच्या जिवाणूमुळे होतो. ‘सिटाकोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ पोपट असा आहे आणि बोलीभाषेतही याला ‘पॅरट फीवर’ म्हणतात. मात्र नावावरून फसू नये. बजरीगर, कॉकाटिल, लव्हबर्ड, कॉन्युअर, मकाव, आफ्रिकन ग्रे ही पोपटाच्या कुळातली मंडळी त्याचे मुख्य वाहक असली, तरी पारव्यांत, बदकांत आणि टर्कींतही तो आढळतो. आपल्याकडे ‘लव्हबर्डची जोडी’ म्हणून जे हिरवे-पिवळे किंवा निळे पक्षी विकले जातात, ते बहुतेक वेळा बजरीगर असतात. त्यामुळे ‘आमच्याकडे पोपट नाही, नुसते लव्हबर्ड आहेत’ असे म्हणणारे घरही या चर्चेच्या बाहेर राहत नाही.

रोग जुनाच आहे. स्वित्झर्लंडमधील उस्टर या गावी 1879 मध्ये एका घरात राखलेल्या पक्ष्यांच्या संपर्कातून सात जणांना हा ताप आला आणि त्यांपैकी तिघे दगावले. याकोब रिटर या डॉक्टरांनी त्याची नोंद केली. पुढे 1929-30 मध्ये दक्षिण अमेरिकेतून गेलेल्या पोपटांबरोबर तो अनेक देशांत पसरला आणि अमेरिकेचे अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांना पोपटांच्या आयातीवर बंदी घालावी लागली. प्रतिजैविके नव्हती तेव्हा शंभरातील पंधरा ते वीस रुग्ण दगावत. आज योग्य औषध वेळेवर मिळाले तर हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली राहते. ‘योग्य’ आणि ‘वेळेवर’ या दोन्ही शब्दांचा विचार पुढे येईलच.

खरा शत्रू वाळलेली धूळ

बाधित पक्ष्याच्या विष्ठेतून आणि नाका-डोळ्यांतील स्रावातून हा जिवाणू बाहेर पडतो. ओल्या विष्ठेपासून तितका धोका नसतो. ती वाळून तिचा भुगा झाला, तो पिसांच्या कोंड्यात मिसळला आणि पंख फडफडल्याने किंवा झाडूच्या फटकाऱ्याने हवेत उडाला, की श्वासावाटे थेट फुप्फुसात जातो. शरीराबाहेर असताना हा जिवाणू बारीक, टणक कवचाच्या रूपात असतो. विष्ठेच्या आणि कचऱ्याच्या आडोशाला, कोरड्या अवस्थेत, तो कित्येक महिने टिकू शकतो. पक्ष्याला तोंडाशी धरून चोचीला ओठ लावल्यानेही संसर्ग होतो, चावल्याने क्वचित होतो, आणि माणसाकडून माणसाला होणे फारच दुर्मिळ आहे. नीट शिजवलेल्या कोंबडीतून तो होत नाही.

हे एकदा ध्यानात आले, की स्वच्छतेचे बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. प्रत्येक कृतीपूर्वी ‘याने धूळ उडेल का’ एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा.

पक्षी आणताना

पक्षी विकत घेताना दुकानात पाच मिनिटे काही न बोलता उभे राहावे. निरोगी पक्षी हालचाल करतो, दाणे टिपतो, आवाज देतो. जो पक्षी दिवसाढवळ्या पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून बसला आहे, ज्याच्या नाकपुड्यांभोवती ओलसर पापुद्रा आहे किंवा शेपटीखालची पिसे चिकटलेली आहेत, तो दया आली म्हणून घरी आणू नये; आणि त्याच्या शेजारच्या पिंजऱ्यातला टवटवीत दिसणारा पक्षीही त्या दिवशी घेऊ नये. एकावर एक रचलेले पिंजरे, म्हणजे वरच्याची विष्ठा खालच्याच्या पाण्यात, असे दृश्य दिसले तर तिथून सरळ बाहेर पडावे. पावती मागावी आणि खरेदीची तारीख लिहून ठेवावी. पुढे कधी डॉक्टरांना सांगण्याची वेळ आली तर ही तारीख मोलाची ठरते.

लाल चोचीचा, गळ्यात कंठी असलेला आपला देशी पोपट पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ढोलीतून काढलेली, टोपलीत कोंबलेली आणि कपड्याखाली झाकून आणलेली ही पिल्ले ज्या ताणातून जातात, तो ताणच सुप्त संसर्गाला जागे करतो. असा पोपट कोणाकडे दिसला वा जखमी सापडला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

घरी पक्षी आधीच असतील, तर नव्याला किमान तीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे. वेगळा पिंजरा पुरेसा नाही. हवा वेगळी हवी. दाणापाणी देताना आधी जुन्या पक्ष्यांचे काम उरकावे आणि नव्याचे शेवटी करावे, त्याची भांडी, फडके आणि ब्रश स्वतंत्र ठेवावेत. दोन खोल्यांच्या घरात हे जिकिरीचे होते हे मान्य आहे, पण तेवढी जागा काढता येत नसेल तर दुसरा पक्षी आणण्याचा विचार पुढे ढकललेला बरा.

पिंजरा कुठे टांगावा, कसा मांडावा

पिंजरा स्वयंपाकघरात आणि झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. पुण्यात मार्च ते जून या काळात बहुतेक घरांत कूलर लागतो आणि ‘पक्ष्यालाही गार वारा मिळावा’ म्हणून पिंजरा त्याच्याच झोतात टांगला जातो. मग त्या झोताबरोबर पिंजऱ्यातली धूळ रात्रभर साऱ्या घरात फिरते. पंख्याच्या आणि कूलरच्या रेषेतून पिंजरा बाजूला घ्यावा. काचेने बंद केलेल्या गॅलरीत ठेवायचा असेल तर एक तरी खिडकी बाहेरच्या बाजूने उघडी राहील असे पाहावे.

तळाशी वाळू, लाकडाचा भुसा किंवा भाताचा कोंडा पसरण्याची पद्धत सोडून द्यावी. साधे वर्तमानपत्र उत्तम: ते ओले करता येते, घडी घालून उचलता येते आणि त्यावर विष्ठेचा रंगही स्पष्ट दिसतो. हा शेवटचा लाभ फार मोठा आहे, कारण पक्ष्याच्या आजाराची पहिली खबर बहुधा कागदावरच मिळते. दाण्याची आणि पाण्याची भांडी दांडीच्या थेट खाली येणार नाहीत अशी लावावीत. पिंजरे एकाहून अधिक असतील तर त्यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा किंवा अॅक्रिलिकचा आडोसा ठेवावा, म्हणजे पिसे, दाणे आणि विष्ठा इकडून तिकडे उडत नाहीत.

रोजची आणि आठवड्याची सफाई

रोज सकाळी, आधी पंखा बंद करावा. नाका-तोंडावर मास्क आणि हातात रबरी मोजे घालावेत; धूळ फार असेल किंवा पक्षी आजारी असेल तर कापडी किंवा साधा सर्जिकल मास्क पुरत नाही, एन-95 हवा. नंतर ट्रेमधील कागदावर स्प्रेच्या बाटलीने साधे पाणी चांगले भिजेपर्यंत मारावे, कागदाच्या चारही कडा आत दुमडून त्याची घडी करावी आणि ती पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधावे. ही पिशवी सुक्या कचऱ्यात मोकळी टाकू नये. पुण्यात घरोघरीचा कचरा कचरावेचक भगिनी हाताने वेगळा करतात. पिशवीवर खूण करून ती त्यांच्या हाती स्वतंत्र द्यावी.

पिंजऱ्याखालची फरशी झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. व्हॅक्यूम क्लीनरही लावू नये, कारण साध्या यंत्रातून बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येते. आपण स्वतः हे पाळतो आणि केर काढायला येणाऱ्या मावशी मात्र त्याच कोपऱ्यातून सवयीप्रमाणे झाडू फिरवतात, असे कितीतरी घरांत घडते. त्यांना कारणासह सांगावे आणि तो कोपरा घरच्याच माणसाने पुसावा. ज्या घरातल्या पक्ष्याचा लळा त्यांना नाही, त्याचा आजार त्यांनी का घ्यावा?

आठवड्यातून एकदा पक्ष्याला दुसऱ्या खोलीत, सुट्या पिंजऱ्यात हलवून मुख्य पिंजरा नीट धुवावा. येथे क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम साबणाच्या पाण्याने घासून सगळी घाण काढावी, कारण घाणीचा थर असेल तर जंतुनाशक निष्प्रभ होते. त्यानंतर एक लिटर पाण्यात सुमारे तीस मिलिलिटर घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, मिसळून ते पिंजऱ्याला, ट्रेला आणि दांड्यांना लावावे आणि दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. शेवटी भरपूर साध्या पाण्याने धुऊन पिंजरा पूर्ण वाळल्यावर, वास गेल्यावरच पक्षी आत सोडावा. पक्ष्यांची फुप्फुसे अशा वाफांना फार नाजूक असतात. ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे अॅसिड किंवा दुसरे कोणतेही रसायन कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. लाकडी दांड्या भेगाळल्या असतील तर धुण्यापेक्षा बदलाव्यात. गच्चीवर नेऊन पाइपच्या जोरदार धारेने पिंजरा धुण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्या फवाऱ्याने घाणीचे सूक्ष्म थेंब तोंडावरच उडतात. स्वयंपाकघरातील सिंकमध्येही हे काम करू नये. सगळे आटोपल्यावर हात साबणाने धुवावेत.

घरात गरोदर स्त्री, वृद्ध माणूस किंवा कर्करोग, अवयवरोपण अथवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती कमी झालेली व्यक्ती असेल, तर हे काम तिच्याकडे अजिबात देऊ नये. आणि ओठांत दाणा धरून पक्ष्याला भरवण्याचा जो लडिवाळपणा मोबाइलवरच्या चित्रफितींत दिसतो, तो सर्वांनीच सोडावा.

पक्षी आजारी आहे हे कसे ओळखावे

बाधित पक्षी आजारी दिसतोच असे नाही, आणि ही या रोगाची सर्वांत अडचणीची बाजू आहे. कित्येक पक्षी महिनोन्महिने ठणठणीत दिसतात आणि अधूनमधून जिवाणू बाहेर टाकत राहतात. प्रवास, गर्दी, थंडी, पिसे झडण्याचा काळ, अंडी घालणे, जागाबदल अशा कोणत्याही ताणाने हे प्रमाण वाढते. आपल्या शहरापुरते बोलायचे तर गणपतीतले ध्वनिवर्धक, दिवाळीतले फटाके आणि डिसेंबरातली पहाटेची बोचरी थंडी हे तीन प्रसंग पक्ष्यासाठी कठीण असतात. त्या दिवसांत पिंजरा आतल्या शांत खोलीत घ्यावा, रात्री झाकावा आणि पुढचे दोन-तीन आठवडे सफाईत कसूर करू नये.

लक्षणे दिसू लागली तर ती अशी असतात: पिसे फुगवून एका जागी बसणे, दाणे न खाणे, शिंकणे, नाका-डोळ्यांतून पाणी किंवा चिकट स्राव येणे, श्वासागणिक शेपटी खालीवर होणे, आणि विष्ठा पातळ व पोपटी हिरवी किंवा पिवळसर होणे. पालक किंवा कोथिंबीर जास्त खाल्ल्यानेही विष्ठा हिरवी दिसते, म्हणून एका दिवसाच्या रंगावरून घाबरून जाऊ नये. मात्र रंगाबरोबर पक्षी मलूल असेल तर वाट पाहू नये. स्वयंपाकघरातील ग्रॅमचा काटा येथे फार उपयोगी पडतो. बजरीगरचे वजन साधारण तीस ते चाळीस ग्रॅम असते, त्यामुळे तीन-चार ग्रॅमची घट म्हणजे शरीराच्या दहाव्या हिश्शाची घट झाली. पिसांखाली ती डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर दिसते. आठवड्यातून एकदा ठरावीक वेळी वजन करून वहीत लिहावे.

संशय आल्यास पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडेच जावे; कुत्री-मांजरे पाहणारे सगळेच पक्षी पाहत नाहीत, म्हणून आधी फोन करून विचारावे आणि सिटॅकोसिसची शंका आहे हेही फोनवरच सांगावे, म्हणजे तेथील माणसांना तयारी ठेवता येते. पिंजरा पातळ कापडाने झाकून न्यावा. तपासणीसाठी घशातील व गुदद्वारातील स्वाब किंवा काही दिवसांची साठवलेली विष्ठा घेतात आणि त्यात पीसीआर पद्धतीने जिवाणूचा शोध घेतात. जिवाणू रोज बाहेर पडत नसल्याने एकच तपासणी नकारार्थी आली म्हणून पक्षी निर्दोष ठरत नाही. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा औंधला आहे. पक्षी मेलाच तर तेथे शवविच्छेदनासाठी पाठवावा का, हे पशुवैद्यांना विचारावे. मृत पक्षी कोरडा उचलू नये. मोजे घालून त्यावर जंतुनाशकाचे पाणी शिंपडावे, कागदात गुंडाळून दोन पिशव्यांत बंद करावा आणि सल्ला मिळेपर्यंत थंड ठेवावा, मात्र घरच्या फ्रिजमध्ये अन्नाशेजारी नव्हे. बर्फ भरलेला थर्मोकोलचा डबा पुरतो.

पक्ष्याचा उपचार लांबलचक असतो. डॉक्सीसायक्लिन हे औषध बहुतेक प्रजातींना सलग 45 दिवस द्यावे लागते, आणि आठवड्याभरात पक्षी हुशारून गाणे म्हणू लागला तरी ते मध्येच थांबवता येत नाही. मेडिकलमधून माणसाची कॅप्सूल आणून पाण्याच्या वाटीत विरघळवण्याचा घरगुती प्रयोग करू नये. पक्षी किती पाणी पितो याचा भरवसा नसतो आणि चाळीस ग्रॅमच्या जिवाला मात्रा चुकण्यास फारसा वाव नसतो. या काळात पिंजऱ्यातील समुद्रफेस, खनिजाची वडी आणि खडेमीठ पशुवैद्यांच्या सल्ल्याने काढून ठेवावे, कारण कॅल्शियम या औषधाला चिकटते आणि ते अंगी लागू देत नाही.

माणसाला ताप आला तर

संसर्गानंतर साधारण पाच ते चौदा दिवसांत, कधी त्याहूनही उशिरा, लक्षणे दिसतात. एकाएकी चढणारा ताप, हुडहुडी, तीव्र डोकेदुखी, स्नायूदुखी आणि बहुधा कफ नसलेला खोकला असे त्याचे रूप असते. छाती तपासल्यावर फारसे काही ऐकू येत नाही आणि एक्स-रेमध्ये मात्र न्यूमोनिया दिसतो, किंवा ताप खूप आणि नाडी त्या मानाने मंद, अशा विसंगती अनुभवी डॉक्टरांच्या लक्षात येतात. काही थोड्या रुग्णांत यकृत, हृदयाच्या झडपा किंवा मेंदू यांनाही बाधा होते. धाप लागणे, बोलण्यात गोंधळ होणे, ओठ निळसर पडणे यांपैकी काहीही दिसले तर दवाखान्याची वेळ न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिल्याच दोन मिनिटांत, न विचारता, पुढील गोष्टी सांगाव्यात: घरात कोणता पक्षी आहे, तो केव्हा आणला, तो आजारी आहे का किंवा अलीकडे मेला का, पिंजरा कोण साफ करते आणि घरात आणखी कोणाला ताप आहे का. पक्षी स्वतःच्या घरी नसला, पण महिन्याभरात कोणाच्या घरचा पिंजरा सांभाळला असेल किंवा पक्ष्यांच्या दुकानात काम केले असेल, तर तेही सांगावे. ‘डॉक्टर हसतील’ या भीडेने ही माहिती गिळू नये. नेहमीच्या रक्ततपासणीत हा रोग कळत नाही. कफाच्या किंवा घशाच्या नमुन्याची पीसीआर, अथवा काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेले रक्ताचे दोन नमुने लागतात, आणि त्यांचा निकाल येईपर्यंत थांबणे बहुधा परवडत नसल्याने डॉक्टर संशयावरूनच औषध सुरू करतात. म्हणूनच तुमच्या सांगण्याला इतके वजन आहे.

येथे ‘योग्य’ औषधाचा मुद्दा येतो. घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या या जिवाणूवर भरवशाच्या नाहीत, कारण तो शरीरातल्या पेशींच्या आत दडून वाढतो. प्रौढांना सामान्यतः डॉक्सीसायक्लिन देतात. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना बहुधा अॅझिथ्रोमायसिनसारखे पर्यायी औषध. लागू पडले तर एक-दोन दिवसांतच ताप उतरू लागतो, आणि नेमक्या याच टप्प्यावर गोळ्या सोडून दिल्या जातात. डॉक्टरांनी दिलेला काळ पूर्ण करावा. डॉक्सीसायक्लिनची गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. अॅसिडिटीची औषधे, कॅल्शियमच्या व लोहाच्या गोळ्या आणि दूध तिच्याबरोबर घेऊ नये; पक्ष्याचा समुद्रफेस काढला त्याचे कारण आणि याचे कारण एकच. त्या दिवसांत दुपारच्या उन्हात त्वचा लवकर भाजते, हेही लक्षात ठेवावे. एकदा रोग होऊन गेला म्हणून कायमची प्रतिकारशक्ती येत नाही.

पारव्यांबद्दल थोडेसे

पेठांतल्या वाड्यांपासून कोथरूड-औंधच्या इमारतींच्या डक्टपर्यंत पारवे सगळीकडे आहेत आणि त्यांच्यामुळे फुप्फुसे बिघडल्याची चर्चाही वरचेवर कानी येते. त्या चर्चेत दोन वेगळ्या व्याधींची गल्लत होते. पारव्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीची वर्षानुवर्षे अॅलर्जी होऊन फुप्फुसे ताठर होणे, याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. तो संसर्ग नाही, त्याला प्रतिजैविके लागू पडत नाहीत. सिटॅकोसिस हा जिवाणूचा संसर्ग आहे आणि तो प्रतिजैविकांनी बरा होतो. धुळीबाबतची खबरदारी मात्र दोहोंत सारखीच: गॅलरीत साठलेला थर आधी पूर्ण भिजवावा, मगच खरवडावा, आणि डक्टमधील वर्षांचा साठा काढायचा असेल तर ते काम एन-95 मास्क लावलेल्या माणसांकडून, आजूबाजूच्या खिडक्या बंद ठेवून करून घ्यावे.

घरातील माणूस आजारी पडल्यावर पक्षी रातोरात कोणाला देऊन टाकण्याचा किंवा पर्वतीच्या पायथ्याशी सोडून देण्याचा विचार काहींच्या मनात येतो. सोडलेला बजरीगर बाहेर तगून राहणे अवघड असते आणि दिलेला पक्षी दुसऱ्या घरी तोच रोग नेतो. त्याऐवजी ज्याला आजार झालेला नाही अशा, धडधाकट प्रौढ व्यक्तीने वर सांगितलेल्या पद्धतीने त्याची देखभाल करावी, आणि घरात ज्यांना ज्यांना पुढील काही आठवड्यांत ताप येईल त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पक्ष्याचा 45 दिवसांचा उपचार संपल्यावर लगेच तपासणी करू नये. किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत, त्यानंतर पशुवैद्यांकडून पुन्हा स्वाब घ्यावा, आणि तो अहवाल हाती येईपर्यंत पिंजरा वेगळ्या खोलीतच राहू द्यावा.